सातवा रकाना

आमच्या वाचनालयात इंटरनेट वापरण्याचे अकरा नियम आहेत आणि ते माझ्या अक्षरात आहेत. ठरवले समितीने, पण ड्रॉइंग पेपरवर पट्टीने रेघा आखून, काळ्या आणि लाल स्केचपेनने लिहिले मी. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात. त्या कौतुकाला भुलून गेली बावीस वर्षं इथली प्रत्येक सूचना मीच लिहीत आलेय, ‘शांतता राखा’पासून ‘पुस्तकांची पाने दुमडू नयेत’पर्यंत. नियमांच्या फलकाला तर मी हौसेने लॅमिनेशनही करून आणलं. आता तो भिंतीवरून उतरवायचा म्हटलं तर समितीचा ठराव लागतो.

सभासदाने ओळखपत्र दाखवावे. एका वेळी अर्धा तासच बसावे. एका खुर्चीवर एकच व्यक्ती. आक्षेपार्ह काही पाहू नये. हेडफोनशिवाय आवाज करू नये. आपला पासवर्ड कुणाला सांगू नये. उठताना लॉगआउट करावे. असं करत करत शेवटचा, लाल अक्षरात: नोंदवहीतील सर्व रकाने भरणे बंधनकारक आहे. अकराच्या अकरा नियम सभासदांनी कसं वागावं याचे. आम्ही कसं वागावं, याचा एकही नाही. लिहिताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता येतं, आणि आलं की आधी समितीचा संताप येतो आणि मग स्वतःचा.

आमचं वाचनालय घाटकोपरला, चाळी डोंगरावर चढायला लागतात तिथे पायथ्याशी आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि आतल्या खोलीच्या दाराजवळ माझं टेबल. आतल्या खोलीत पुस्तकांची कपाटं आणि दारासमोरच्या भिंतीला चार संगणक. संगणक एका पुढाऱ्याच्या निधीतून आले. त्याच्या नावाची पाटी संगणकांच्या स्क्रीनपेक्षा मोठी आहे. चारपैकी एक पहिल्या वर्षातच बंद पडला, पाटी मात्र अजून ठणठणीत आहे.

आता नोंदवहीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यातूनच झालं. आमच्याकडे पुस्तकांची देवघेव अजून वहीत होते. जाड पुठ्ठ्याची लांबलचक वही, तारीख, सभासदाचं नाव, पुस्तकाचं नाव, सही. ती माझ्या टेबलावर कायम उघडी असते आणि ती कुणीही चाळतं. चाळणं हा इथला रिवाजच. नाट्यवेड्या एक आजी होत्या, त्या कपाटाकडे कधी गेल्याच नाहीत. वहीत बोट फिरवायचं, तिसऱ्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंनी मागच्या महिन्यात काय नेलं ते बघायचं आणि मला म्हणायचं, ‘मला पण तेच दे गं.’ एका बाईने मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी आमच्या वहीत केली होती. मुलगा चार वर्षं फक्त रहस्यकथा नेतोय, हे बघून तिचं समाधान झालं. निदान दारू पिऊन पडत नसेल, म्हणाली, वाचत पडतो. आम्ही सगळे हसलो. कोण काय वाचतं हे सगळ्यांना माहीत असणं, याचा मला अभिमान होता. बाहेरून कुणी आलं की मी सांगायची, आमच्याकडे कपाटापेक्षा वही जास्त वाचली जाते.

मग संगणक आले आणि कार्यवाह म्हणाले, यांचीही एक वही करा. कार्यवाह म्हणजे समितीचे सर्वेसर्वा, बँकेतून निवृत्त झालेले, कागद सरळ रेषेत ठेवला नसेल तर ज्यांना चहा गोड लागत नाही असे. मी वही आखली. अनुक्रमांक, तारीख, नाव, सभासद क्रमांक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. पुस्तकांच्या वहीत पुस्तकाचं नाव असतं, म्हणून इथे सातवा रकाना केला: काय पाहिले. मग सही. मी तो रकाना सगळ्यात रुंद ठेवला, लिहायला जागा हवी म्हणून. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुस्तक नेलं की त्याचं नाव लिहायचं, इंटरनेट पाहिलं की त्याचं नाव लिहायचं. वहीही त्याच टेबलावर, तशीच उघडी. इतकं साधं, इतकं मूर्खपणाचं होतं ते.

तो रकाना कोण कसा भरायचं, हेही ऐका. कॉलेजची पोरं एकजात ‘अभ्यास’ लिहायची. अर्धा तास गाड्यांची शर्यत खेळून उठायची आणि ‘अभ्यास’ लिहून सही ठोकायची. शेअर बाजाराचे आकडे बघणारे एक गृहस्थ रोज ‘आध्यात्मिक’ लिहीत. एक बाई भावाबरोबरच्या जागेच्या भांडणाचे कागद शोधायच्या आणि ‘पाककृती’ लिहायच्या. मला सगळं दिसत होतं. खुर्चीतून मान वळवली की तिन्ही स्क्रीन दिसतात. पण मी कुणाला काही बोलले नाही. पोरांना बोललं तर पोरं उलट बोलतात, आणि आध्यात्मिक गृहस्थ कार्यवाहांचे मित्र. जो मुकाट ऐकेल, त्यालाच आपण नियम सांगतो. हे मी दुसऱ्यांबद्दल म्हणत नाही, माझ्याबद्दल म्हणतेय.

मुकाट ऐकणारी एक आली.

चौतीस वर्षांची असेल. डोंगरावरच्या चाळीत राहायची, मूळ कणकवलीकडची. नवरा अंधेरीला एका स्टुडिओत लाइटच्या कामावर, दिवस दिवस बाहेर. मुलगी सातवीत. सासू नव्हती, सासरे होते, आणि सासऱ्यांना मी तिच्या आधीपासून ओळखत होते. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली, आणि आता वीसेक वर्षं रोज सकाळी दहाला वर्तमानपत्र वाचायला येतात. स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मालवणी पण अदबीचं. अग्रलेख आधी, मग बाकीचं. टेबलावर चर्चा निघाली की मुलींनी शिकायला पाहिजे, हे ठासून सांगणारे तेच. एक पेपर दुसऱ्याच्या हातातून सुटेपर्यंत माझ्या टेबलाशी उभे राहायचे आणि वही चाळायचे. इतर सगळे चाळतात तशीच.

ती दुपारी यायची, तीनच्या सुमारास, सासरे झोपलेले असताना. पहिल्या दिवशी म्हणाली, ‘मॅडम, मोबाइल आहे माझ्याकडे. पण त्याचा पासवर्ड घरात सगळ्यांना माहितीये. मुलगी गेम खेळते, हे पण घेतात, आजोबा बातम्या बघतात. मला काहीतरी एकटीनं बघायचंय.’ मी तिला दोन नंबरचा संगणक दिला. अर्ध्या तासाने ती वहीवर वाकली, सहा रकाने भरले आणि सातव्यात लिहिलं, ‘माहिती’.

मी वही फिरवून बघितली आणि म्हणाले, ‘हे काय? कसली माहिती? असं नाही चालत. नीट लिही, स्पष्ट.’

ती थांबली. पेन तसंच हातात. मग विचारलं, ‘लिहावंच लागतं का, मॅडम?’

मी फलकाकडे बोट दाखवलं. अकरावा नियम, लाल अक्षरात. ‘रकाना मोकळा ठेवायचा नाही. जे पाहिलंस ते लिहायचं. इथे खरं लिहायचं असतं.’

तिने ‘माहिती’वर रेघ मारली आणि पुढे गोल, सुंदर अक्षरात लिहिलं: परिचारिका अभ्यासक्रम, प्रवेशाच्या अटी. माझ्या अक्षराहून चांगलं अक्षर होतं तिचं. मी खूश झाले. खरंच सांगते, त्या क्षणी मला वाटलं, बघा, एक तरी सभासद नियम पाळते.

त्यानंतर ती दहा-बारा वेळा आली असेल. हळूहळू मला सगळं सांगितलं. दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्याला जोडून सहायक परिचारिकांची शाळा होती, राहायची सोय तिथेच. बारावीला तिला चांगले मार्क होते, लग्न झालं आणि तिथेच थांबलं. वयाची अट होती आणि तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नव्हता. नवऱ्याला प्रवेश मिळाल्यावर सांगणार होती. मुलीला तेवढे दिवस कणकवलीला आईकडे ठेवायचं, असं तिने आईशी बोलून ठेवलं होतं. ‘आधीच सांगितलं तर नाही म्हणतील, मॅडम. लिस्टमध्ये नाव लागलं की मग नाही म्हणायला जड जातं,’ ती म्हणाली. मला तिचं हे शहाणपण फार आवडलं. आम्ही दोघींनी मिळून अर्ज भरला. नाव, पत्ता, मार्क, सगळं भरून झालं. दाखले तेवढे जोडायचे राहिले. शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीची गुणपत्रिका, दोन्ही मूळ प्रती स्कॅन करून. शेवटची तारीख सोमवार, संध्याकाळी पाच. शुक्रवारी ती दाखले घेऊन येणार होती.

आणि त्या प्रत्येक दिवशी तिने सातवा रकाना भरला. वयाची अट, यंदा शेवटचं वर्ष. वसतिगृहाची माहिती. अर्ज, भाग पहिला. अर्ज, भाग दुसरा. सोबत जोडायच्या दाखल्यांची यादी. शेवटची तारीख. सुवाच्य, स्पष्ट, मी सांगितलं होतं तसं.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी आली ती धापा टाकत, ओढणी अर्धी खांद्यावरून सुटलेली.

‘मॅडम, दाखल्यांची फाइलच नाही कपाटात. कालपासून शोधतेय. आजोबांना विचारलं तर म्हणतात, मी जपून ठेवलंय, मिळतील. कुठे ठेवलंय ते आठवत नाही म्हणतात.’ मग आवाज बारीक करून म्हणाली, ‘त्यांना कळलंय. मला बोलले, हॉस्टेलात राहायचं वय नाही तुझं. मी कुणाला नाही सांगितलं, मॅडम. आईशिवाय कुणालाच नाही. कसं कळलं?’

मी टेबलावर पाहिलं. वही तिथेच होती, उघडी. गुरुवारी सकाळी तिचे सासरे पेपरसाठी थांबले होते, बोट रकान्यावरून खाली खाली जात होतं, आणि मी शेजारी बसून नव्या पुस्तकांना क्रमांक घालत होते. मी त्यांना पाहिलं होतं. वीस वर्षं पाहत होते. तिला मी लगेच काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पहिलं काम, वही उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं. ते करताना मला माझीच कीव आली. मग आम्ही दोघी दोन नंबरच्या संगणकावर बसलो, एका खुर्चीला दुसरी लावून, अर्धा तास सोडून अडीच तास. नियम गेले खड्ड्यात. गुणपत्रिकेची प्रत इंटरनेटवरून काढता येते असं कळलं, ती काढलीसुद्धा. पण शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? शाळा कणकवलीच्या पुढे, शनिवारची दुपार, दुसऱ्या दिवशी रविवार. शाळेचा फोन वाजून वाजून बंद झाला. अर्जाच्या मदत केंद्राचा नंबर लागला, तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, दाखल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. उठून घरी जाताना तिने मला तिच्या अर्जाचा पासवर्ड लिहून दिला. फाइल मिळाली की फोटो काढून पाठवते, तुम्ही जोडा, म्हणाली. पासवर्ड कुणाला सांगू नये, हाही माझ्याच अक्षरातला नियम. तिचा माझ्यावर अजून विश्वास होता, आणि मी तिला अजून सांगितलं नव्हतं.

रविवारी मी घरी स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तुझा काय दोष? नियमच तसा होता.’ त्या वाक्याचा मला इतका राग आला की मी ताट तसंच ठेवून उठले. मी आयुष्यभर लोकांना हेच ऐकवलं होतं.

सोमवारी सकाळपासून दोन नंबरचा संगणक मी कुणाला दिला नाही. तिचा अर्ज उघडून बसले. प्रत्येक विभागापुढे हिरवी खूण, एकाच ठिकाणी लाल. फोन समोर ठेवला होता. बारा वाजता तिचा मेसेज आला, पेटी बघते. दोन वाजता, पोटमाळा बघते. साडेतीनला, आजोबा झोपलेत, उठवलं तर ओरडतात. मग काहीच नाही. पाचला दहा मिनिटं असताना मी तिला फोन केला, तिने कट केला. पाच वाजले आणि काही क्षणांनी स्क्रीनवर अक्षरं आली की अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे. मी लॉगआउट केलं. तोही एक नियम आहे, तो मी पाळला.

फाइल मंगळवारी सकाळी मिळाली.

बुधवारी दहाला सासरे आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. पेपर घेऊन बसले, अग्रलेख काढला. मी दोन मिनिटं थांबले, मग मला राहवलं नाही. उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

‘काका, सुनेची फाइल मिळाली म्हणे.’

‘गावली,’ ते म्हणाले. ‘देवाच्या मागच्या पेटीत होती. मीच ठेवललंय. इसारलंय.’

‘सोमवारी पाच वाजेपर्यंत विसरलात आणि मंगळवारी सकाळी आठवलं.’

टेबलावरचे बाकीचे पेपर एकेक करून खाली आले.

‘इथे बसून मुलींनी शिकलं पाहिजे म्हणता तुम्ही,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो मला आवरायचाही नव्हता. ‘दुसऱ्यांच्या मुलींनी, नाही का? स्वतःच्या सुनेची वही वाचून तिचं वर्ष खाल्लंत. नुसतं वर्ष नाही, तिला पुढचं वर्षच नव्हतं. ठाऊक होतं तुम्हाला. तिने तेही लिहिलं होतं.’

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. आवाज चढवला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

‘घरात वयात येणारी नात आसा, बाई. तिका कोण बघतला? माजा जेवाण कोण करतला? ह्या कोणी इचारूक नाय. सून घर सोडून जाता, ह्या माका तिच्या तोंडातसून कळूक नाय. तुमच्या वहीतसून कळला.’ मग चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘आणि मी चोरून वाचूक नाय. टेबलार उघडी तुमीच ठेवल्यात. वीस वर्सा मी तुमची वही तुमच्या म्होरं वाचतंय. तुमी कधी नको म्हणाक नाय.’

मला खूप बोलायचं होतं. जेवणाचं काय घेऊन बसलात, हे बोलायचं होतं. तिने तोंडाने का सांगितलं नाही, याचं उत्तर तुम्हीच सोमवारी दिलंत, हे बोलायचं होतं. पण वहीबद्दल ते जे म्हणाले, त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी माघारी येऊन खुर्चीत बसले. पेपर पुन्हा वर गेले. कुणीतरी पान उलटलं.

मी समितीला अर्ज दिला. सातवा रकाना बंद करावा, नोंदवही कुलपात ठेवावी, जुनी पानं कुणालाही दाखवू नयेत. एवढंच. महिन्याच्या बैठकीत तो शेवटून दुसरा विषय म्हणून आला, पंखा दुरुस्तीच्या नंतर.

कार्यवाह म्हणाले, ‘मॅडम, उद्या कुणी इथून भलतंसलतं काही केलं आणि पोलीस आले, तर काय दाखवायचं?’

‘नाव आहे, वेळ आहे, सभासद क्रमांक आहे, सही आहे. कोण कुठल्या खुर्चीवर किती वेळ होतं, ते कळतं. पोलिसांना आणखी काही हवं असेल तर ते त्यांच्या पद्धतीने काढतील. आध्यात्मिक असं लिहिलेलं वाचून त्यांना काय कळणार आहे?’

कुणीतरी फिस्सकन हसलं. कार्यवाहांना ते आवडलं नाही. ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ ते म्हणाले.

‘लपवण्यासारखं नसेल, सर. पण सांगण्यासारखंही नसतं सगळं. तुम्ही डॉक्टरकडे जाता, तेव्हा बाहेर फळ्यावर लिहून येता का, काय होतंय ते?’

एक सभासद, तेही चांगले गृहस्थ, समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘घरच्यांनीच पाहिलं ना हो? परक्यानं तर नाही. घरच्यांपासून काय लपवायचं? उलट वाचनालयामुळे एक घर मोडता मोडता वाचलं, असंही म्हणता येईल.’

बावीस वर्षं मी या लोकांच्या बैठकीचं इतिवृत्त लिहितेय. त्यांच्या जीभ घसरलेल्या वाक्यांना सरळ करून लिहितेय. हे वाक्य मी त्या दिवशी जसंच्या तसं लिहिलं, अवतरणचिन्हांत, पुढे त्यांचं नाव घालून. पुढच्या बैठकीत ते वगळायला लावलं गेलं.

ठराव झाला तो असा: नोंदवही ड्रॉवरमध्ये ठेवल्याने सभासदांची गैरसोय होते, अशी तक्रार आली आहे. सबब नोंदवही पूर्ववत टेबलावर ठेवावी आणि ती इतरत्र हलवली जाऊ नये म्हणून टेबलाच्या पायाला दोरीने बांधावी. दोरी मीच आणली. सातवा रकाना मात्र मी समितीला न विचारता बंद केला. नवी वही आखली तेव्हा सहा रकाने आणि सही, एवढंच. अजून कार्यवाहांच्या लक्षात आलेलं नाही, कारण ते कधी संगणकावर बसतच नाहीत. जुन्या वहीतली तिची पानं मी कात्रीने कापली आणि घरी नेऊन जाळली. वाचनालयाचं दप्तर फाडणं हा गुन्हा आहे, तो मी केलाय आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की ते तीन आठवडे उशिरा केलं.

तिला सांगणं राहिलं होतं. एका रविवारी सकाळी मी डोंगर चढून तिच्या चाळीत गेले. सासरे देवळात गेले होते. ती नळावर कपडे आपटत होती, मला बघून हात पुसत उठली, आत चला म्हणाली. मी म्हटलं, नको, इथेच उभी राहते. आणि तिथेच, नळाशी, तिला सगळं सांगितलं. तुझे सासरे वही वाचायचे. मला माहीत होतं. ‘माहिती’ एवढं लिहून तू सुटली असतीस, मी तुला खोडायला लावलं. पोरं रोज खोटं लिहितात, त्यांना मी काही बोलत नव्हते, तुला बोलले. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला दोन शब्द सुनावेल. सुनावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती बादलीकडे बघत होती.

‘मला कळलं होतं ते, मॅडम. त्याच शनिवारी,’ ती म्हणाली. ‘तुम्ही वही उचलून ड्रॉवरमध्ये टाकली ना, तेव्हाच.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलणार?’ तिने पिळलेली साडी खांद्यावर टाकली. ‘मला खोटं लिहिता येत नाही असं नाही. घरात रोज बोलते मी खोटं. कुठे गेली होतीस, भाजीला. कुणाचा फोन होता, राँग नंबर. तिथे पण लिहिलं असतं काहीतरी, पाककृती नायतर भजन. पण तुम्ही म्हणालात, इथे खरं लिहायचं असतं. मला वाटलं, चला, एक तरी जागा आहे जिथं खरं लिहिलं तर चालतं.’